छातीच्या क्ष-किरण तपासणीची कहाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी काहीबाही लिहिते. कधी लोणच्यांविषयी, कधी वाळवणाविषयी. यंदा चिटणीसबाईंना विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, "लिहा, पण जपून लिहा." जपून म्हणजे काय ते मला कळले. बायकांच्या अंगाविषयी चारचौघीत बोलण्याची आपल्याला सवय नाही. परंतु न बोलण्याने काय होते ते मी घरात पाहिले आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी छातीतली गाठ आठ महिने पदराखाली झाकून ठेवली. दुखत नव्हती, म्हणून घाबरण्याचे कारण नाही असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले. डॉक्टरांकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हा हा लेख जपून लिहिला नाही तर वाचकभगिनींनी मला क्षमा करावी.

दुसरे कारण असे. मागल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण ठरवले होते की चाळिशी ओलांडलेल्या सभासदांनी मिळून छातीची क्ष-किरण तपासणी, म्हणजेच मॅमोग्राफी, करून घ्यावी. नावे बावीस जणींनी दिली, पण प्रत्यक्ष आल्या नऊ. उरलेल्यांपैकी कोणी म्हणाल्या दुखते, कोणी म्हणाल्या किरणांनीच रोग होतो, कोणी म्हणाल्या नको ते कळायलाच नको. त्या नऊ जणींत मी होते. माझ्या कागदावर एक शून्य लिहून आले व पुन्हा बोलावले. त्या शून्याचा अर्थ तिथे कोणी सांगितला नाही. आठ दिवस मला झोप नव्हती. शेवटी माझी भाची, जी क्ष-किरण विभागातच काम करते, घरी आली व हसून म्हणाली, "अगं मावशी, शून्य म्हणजे नापास नव्हे. पेपर अजून तपासून व्हायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ." पुन्हा चित्रे काढली, सोनोग्राफी केली, आणि काही निघाले नाही. मग मी भाचीच्या मागे लागले की हे यंत्र कुठून आले, कोणी शोधले, दाबतात कशाला, पावडर लावू नका म्हणतात ते का, सगळे मला सांग. तिने सांगितले, पुस्तकांतून वाचूनही दाखवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मला समजले ते माझ्या शब्दांत देत आहे.

ही कहाणी सुरू होते ती जर्मनीत, व्युर्झबुर्ग गावी. विल्हेल्म राँटगेन नावाच्या प्राध्यापकांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी प्रयोग करताना एक अदृश्य किरण आढळला. तो कसला हे ठाऊक नव्हते, म्हणून गणितात अज्ञात राशीला देतात तेच अक्षर त्यांनी त्याला दिले. आपण त्याला क्ष-किरण म्हणतो. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाताची हाडे दिसली आणि बोटातली अंगठी काळी ठसठशीत दिसली. स्वतःच्या हाताचा सांगाडा पाहून ती बाई घाबरली असे सांगतात. म्हणजे पहिली भीती एका गृहिणीलाच वाटली! अंगठीची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. धातू किरणांना अडवतो. म्हणून तपासणीला जाताना मंगळसूत्र, साखळी, दंडातला किंवा गळ्यातला ताईत काढून ठेवायला सांगतात. त्यात अशुभ काही नाही. दोरा गळ्यात राहिला तर त्याची सावली चित्रात पडेल व डॉक्टरांना नसती शंका येईल. राँटगेन यांना १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

हाड दिसणे सोपे, कारण ते कठीण. छाती मऊ, तिच्यात चरबी आणि दुधाच्या ग्रंथी. तिचे चित्र काढून काही कळेल हे पहिल्यांदा दाखवले बर्लिनच्या आल्बर्ट सालोमोन या शस्त्रवैद्याने. रोगामुळे कापून काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रे त्याने काढली, आणि चित्रात काय दिसले व प्रत्यक्षात काय निघाले हे ताडून पाहिले. १९१३ साली त्याने ते छापले. कर्करोगाच्या गाठीत काही वेळा बारीक ठिपके दिसतात हे त्याच्या नजरेस आले होते. पण त्या ठिपक्यांचे महत्त्व कळायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

या सालोमोनचे पुढे काय झाले ते वाचून मला फार वाईट वाटले. तो ज्यू होता. १९३३ मध्ये हिटलरचे राज्य आले तेव्हा त्याची विद्यापीठातली जागा गेली. १९३८ मध्ये त्याला छळछावणीत टाकले. तेथून सुटून तो पत्नीसह हॉलंडला गेला व लपूनछपून जगला. त्याची एकुलती मुलगी शार्लोट चित्रकार होती. तिला सुरक्षित राहावी म्हणून फ्रान्सला आजी-आजोबांकडे पाठवले होते. तेथे तिने आपल्या आयुष्याची शेकडो चित्रे रंगवली. १९४३ मध्ये तिला पकडून आउश्वित्झला नेले व मारले. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि तिला दिवस गेलेले होते. बापाने हजारो बायकांच्या रोगाची चित्रे अभ्यासली, आणि युद्ध संपल्यावर त्याच्या हाती पोरीची चित्रेच तेवढी उरली. ती आज अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत.

सालोमोनने चित्रे काढली ती कापलेल्या अवयवाची. जिवंत स्त्रीची तपासणी करून शस्त्रक्रियेआधीच रोग ओळखण्याचा मार्ग अमेरिकेतील रॉचेस्टर येथील स्टॅफर्ड वॉरन या डॉक्टरने १९३० साली मांडला. पण चित्रे पुष्कळदा अस्पष्ट येत. एका डॉक्टरला जमे, दुसऱ्याला जमत नसे. म्हणून वैद्यकीय जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

पुढचे पाऊल टाकले ते दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या लहानशा देशातल्या राउल लेबोर्ग्न या डॉक्टरने. १९५० च्या आसपासची ही गोष्ट. स्तन दाबून, सपाट करून चित्र घेतले तर ते स्वच्छ येते हे त्याने दाखवले. आता, "दाबतात कशाला हो?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीने विचारला आहे. भाचीने सांगितल्यावर मला माझ्या स्वयंपाकघरातलीच उपमा सुचली. कणकेचा गोळा दिव्यासमोर धरला तर आत खडा आहे की नाही दिसणार नाही. त्याच गोळ्याची पोळी लाटून दिव्यासमोर धरा, खडा ताबडतोब दिसेल. शिवाय जाडी कमी झाल्याने किरणही कमी लागतात, आणि अवयव हलत नाही म्हणून चित्र पुसट येत नाही. हा दाब काही सेकंदांचाच असतो. कोणाला नुसते आवळल्यासारखे वाटते, कोणाला दुखते. दुखले तर तिथल्या बाईंना सांगावे, पण "दाबू नका" म्हणू नये. नीट न दाबता काढलेले चित्र वाया जाते, आणि मग पुन्हा काढावे लागते. दाबल्याने कर्करोग होत नाही, असलेली गाठ त्याने पसरतही नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत छाती जड व हुळहुळी असते, म्हणून पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात तपासणी ठेवावी. त्रास पुष्कळ कमी होतो.

याच लेबोर्ग्नने त्या बारीक ठिपक्यांचे महत्त्व ओळखले. मिठाचे बारीक कण सांडावेत तसे चुन्याचे अतिसूक्ष्म कण काही कर्करोगांत दिसतात, कधी कधी हाताला गाठ लागण्याच्या कितीतरी आधी. सगळेच कण रोगाचे नसतात, बहुतेक निरुपद्रवीच असतात. पण ते कसे आहेत, कुठे गोळा झाले आहेत, यावरून डॉक्टर अंदाज करतात. आता लक्षात येईल की पावडर, क्रीम आणि घामाचा वास जाण्याची औषधे त्या दिवशी काखेत व छातीला लावू नका असे का सांगतात. त्यांतील कण चित्रात हुबेहूब अशाच ठिपक्यांसारखे दिसू शकतात. आपल्यातील एका भगिनीने आंघोळ करून छान पावडर थापून तपासणीला जाण्याची तयारी केली होती. स्वच्छतेसाठीच केली बिचारीने! तिला परत अंग धुऊन यावे लागले.

१९६० साली अमेरिकेत ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन या डॉक्टरने हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. कारखान्यांत वापरतात तसली बारीक कणांची फिल्म आणि किरणांचा नेमका हिशेब यांच्या जोरावर त्याने अशी पद्धत बसवली की दुसऱ्याने शिकून केली तरी तसेच चित्र यावे. आपण नाही का म्हणत, पाककृती खरी केव्हा, तर शेजारणीच्या हातूनही ती तशीच झाली म्हणजे! ईगनच्या पद्धतीचे तसे झाले. पाठोपाठ फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथील शार्ल ग्रो या डॉक्टरच्या प्रयत्नांतून केवळ याच कामासाठी वेगळे यंत्र तयार झाले. तोवर हाडे बघायच्या यंत्रावरच हे काम चाले. १९६७ च्या सुमारास हे नवे यंत्र जगापुढे आले. अवयव दाबून धरण्याची सोय त्यातच केलेली होती.

पण चित्र चांगले आले म्हणून बायकांचे प्राण वाचतात का? हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत फिलिप स्ट्रॅक्स हा डॉक्टर होता. त्याची पत्नी १९४७ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने वारली होती. सॅम शपायरो आणि लुई व्हेनेट यांच्यासह त्याने डिसेंबर १९६३ मध्ये न्यूयॉर्क शहरात मोठा अभ्यास सुरू केला. चाळीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी हाताने तपासणी आणि मॅमोग्राफी यांसाठी बोलावले, दुसऱ्या गटाची नेहमीचीच वैद्यकीय व्यवस्था ठेवली. बोलावलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणी पहिल्या तपासणीलाही आल्या नाहीत. म्हणजे हा अनुभव आपल्याच मंडळाचा आहे असे नाही! तरीही काही वर्षांनी हिशेब केला तेव्हा बोलावलेल्या गटात या रोगाने झालेले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरले. पुढे अधिक वर्षे मोजल्यावर हा फरक एक-चतुर्थांशाच्या आसपास राहिला. पत्नीला वाचवू न शकलेल्या माणसाच्या खटपटीतून अनोळखी बायका वाचल्या.

१९७४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या छातीत गाठ सापडली व सप्टेंबरअखेर शस्त्रक्रिया झाली. त्या काळी तिकडेही हा शब्द मोठ्याने उच्चारत नसत. पण या बाईंनी आजार लपवला नाही, वर्तमानपत्रांतून सगळे येऊ दिले. त्यानंतर तेथील इस्पितळांत तपासणीसाठी बायकांची रीघ लागली. एकीने तोंड उघडले की किती जणींचे धाडस होते ते यावरून दिसते.

किरणांनीच रोग होतो या शंकेलाही इतिहास आहे, ती उगीच नाही. १९७६ साली अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा वाद झाला. त्या वेळच्या यंत्रांतून आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त किरण जात. या टीकेमुळेच किरण कमी करण्याकडे लक्ष गेले, आणि १९९२ साली तेथे यंत्रांच्या दर्जाविषयी कायदाही झाला. २००० पासून फिल्मऐवजी संगणकावर चित्र घेणारी यंत्रे आली. आजच्या एका तपासणीत मिळणारे किरण हे आपल्याला माती, दगड, आकाश यांतून सुमारे सात आठवड्यांत आपोआप मिळतात तितकेच असतात. धोका अगदी शून्य नाही, पण फार थोडा आहे. गरोदर असल्यास, किंवा तशी शंका असल्यास, मात्र आधी सांगितलेच पाहिजे. अंगावर पाजत असल्यास तेही सांगावे.

आता आपल्याकडची गोष्ट. हिंदुस्थानात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. गावोगाव अशी यंत्रे पुरवणे सोपे नाही. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळाने १९९८ मध्ये वेगळा अभ्यास सुरू केला. मुंबईतल्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात घेतल्या. निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने छाती तपासली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या तपासणीने रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या वरच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही. यंत्र नसले तरी जाणत्या हाताचे मोल किती, हे आपल्या मुंबईच्या बायकांनी जगाला दाखवून दिले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये जी पद्धत आखली तीत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितली आहे. मॅमोग्राफी मात्र सरसकट होत नाही, ती आपली आपण डॉक्टरांना विचारून करायची. इंग्लंडमध्ये पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेत २०२४ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी असा सल्ला आहे. देशोदेशी फरक आहे. आई, बहीण, मावशी यांना हा रोग झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, म्हणजे केव्हापासून तपासायचे ते ठरवता येते.

इतिहास एवढा सांगितला, आता तपासणीला जाणाऱ्या भगिनीने काय करावे ते थोडक्यात सांगते. कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात, म्हणून साडी-पोलके किंवा पंजाबी पोशाख बरा. लांब गाऊन घालून जाऊ नये. हे काम बहुधा बाईच करते, तरी वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे. मागील चित्रे व कागद असतील तर ते नक्की न्यावेत, कारण डॉक्टर जुन्याशी नवे ताडून बघतात. आपल्याकडे लग्नपत्रिका जपून ठेवतात, पण ही चित्रे रद्दीत जातात! गाठ लागत असेल, बोंडातून स्राव येत असेल, कातडी आत ओढल्यासारखी दिसत असेल, तर ते लाज न बाळगता आधीच सांगावे. प्रत्येक बाजूची साधारणपणे दोन चित्रे काढतात, एक वरून व एक तिरके. सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

कागद हाती आला की त्यावर एक आकडा असतो. १९९३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने ही पद्धत पुस्तकरूपाने काढली. शून्य म्हणजे आणखी चित्रे किंवा जुनी चित्रे हवीत. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे काही दिसते पण ते साधे आहे. तीन म्हणजे बहुतेक साधेच, तरी सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. चार व पाच असेल तर सुईने थोडा भाग काढून तपासावा लागतो. सहा म्हणजे रोग आधीच सिद्ध झालेला. अमेरिकेत तपासलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींना पुन्हा बोलावतात, आणि त्या दहांपैकी नऊंहून अधिक जणींना कर्करोग नसतो. हे मला आधी कोणी सांगितले असते तर माझे ते आठ दिवस तसे गेले नसते. सुई टोचल्याने रोग पसरतो हा आपल्याकडचा समजही खरा नाही. त्या भीतीने बायका वेळ घालवतात, तेच घातक.

या तपासणीच्या उणिवाही सांगायला हव्यात. काही रोग तिला दिसत नाहीत. विशेषतः तरुण वयात ग्रंथी दाट असतात, चित्र पांढरे येते, आणि गाठही पांढरीच, मग ढगात कापूस शोधावा तसे होते. अशा वेळी सोनोग्राफीची मदत घेतात. उलट कधी असा संथ रोग सापडतो की ज्याने त्या बाईला जन्मभर त्रास दिला नसता, आणि त्यावरही उपचार होतात. म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारावेत, समजून घ्यावे. आणि कागद कितीही चांगला आला तरी हाताला गाठ लागली तर पुन्हा दाखवावे. न दुखणारी गाठ साधीच असते, असे कधीही मानू नये. जाऊबाईंचे तेच चुकले, आणि आम्हा घरच्यांचेही चुकले की त्यांना विचारावे असे कोणाला वाटले नाही.

यंदाच्या संक्रांतीला पुन्हा नावे घेणार आहोत. मागल्या वेळी राहिलेल्या तेरा जणींनी यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांना एकटीने जायला भीती वाटते त्यांनी मला सांगावे, मी सोबत येईन व बाहेर बाकावर बसेन. आपण एकमेकींना हळदीकुंकू लावतो ते कशासाठी? एकमेकींचे बरे चिंतावे म्हणूनच ना? मग बरे चिंतणे कपाळापाशीच का थांबवायचे?

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सर्व भगिनींना दीर्घायुष्य व आरोग्य लाभो, ही देवाजवळ प्रार्थना करून माझा लेख पुरा करते.

— एक सभासद